घरातल्या तुरीला वाली कोण?

तुरीची चर्चा आपल्याकडे दोनच प्रसंगी होते: भाव कडाडले की ग्राहकाच्या नावाने आणि कोसळले की शेतकऱ्याच्या नावाने. २०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा पहिली झाली. २०१७ साली अमाप पिकानंतर सरकारी खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या तेव्हा दुसरी. लहान शेतकऱ्याच्या घरात, भिंतीशी रचलेल्या दोन-चार पोत्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र या दोन्ही वेळी कोणाला पडला नाही.

या पोत्यांना उंदीर आणि ओल यांचे भय असतेच. पण त्याहून मोठा शत्रू म्हणजे कडधान्यावरचा भुंगा. तो घरात येतो तो बहुधा शेतातूनच. शेंगा पक्व होत असताना तो त्यांवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि धन्यामागोमाग घरी येते. पोते म्हणूनच प्रथम निर्दोष दिसते. पुढे एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उबदार हवेत महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. माघात भरलेले पोते मृगाच्या सुमारास उघडावे, तर दाण्यादाण्याला भोक आणि तळाशी पीठ! वजन घटते, व्यापारी नाक मुरडतो आणि बियाणे म्हणून ठेवलेला दाणा उगवत नाही.

शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. कर्जफेडीचा तगादा असतोच, त्यात ही भीती. साहजिकच खळ्यावरची तूर थेट बाजार समितीत जाते, तीही आवक सर्वाधिक आणि भाव नरम असताना. पुढे तोच शेतकरी श्रावणात वाण्याकडून डाळ विकत आणतो. भुंगा दाणे खातो हे खरे. परंतु त्याहून अधिक तो शेतकऱ्याची थांबण्याची ताकद खातो.

यावर उपाय नाहीत असे नाही. कडक उन्हात वाळवणे, कणगी सारवणे, दाण्यांत राख मिसळणे, तेलाचा हात फिरवणे, खाण्यापुरती तूर वेळीच भरडून ठेवणे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. विज्ञानाने त्यांतील मर्म सांगितले आहे. ओलावा दहा टक्क्यांच्या आत आला की किडीची वाढ मंदावते. किलोमागे पाच ते सात मिलिलिटर खाद्यतेल चोळले की अंडी जगत नाहीत. अखंड दाण्यावर पोसणाऱ्या भुंग्याला डाळ तितकीशी मानवत नाही. आफ्रिकेतील कॅमेरून येथे १९८० च्या दशकात चवळीसाठी विकसित झालेली तिहेरी हवाबंद पिशवी याच वाटेवरची. आतला प्राणवायू किडे स्वतःच संपवतात आणि गुदमरून मरतात. विष नाही, वास नाही. उलट, राहत्या घरात विषारी वायूच्या गोळ्या ठेवणे म्हणजे भुंग्यासाठी माणसांचा जीव पणाला लावणे होय.

गोदामे आहेत, १९९० पासून शेतमाल तारण योजनाही आहे, असे कोणी म्हणेल. त्यांचे मोल आम्ही नाकारत नाही. पण तीन क्विंटल तूर घेऊन तालुक्याला जाणाऱ्याचा गाडीभाड्याचा हिशेब कोणी मांडावा? लहान शेतकऱ्याचे गोदाम म्हणजे त्याचे घर, आणि त्या घराचा कारभार बहुधा त्या घरच्या स्त्रीच्या हाती असतो. तेव्हा हवाबंद पिशवी खताच्या पोत्याशेजारी गावच्या सोसायटीत मिळावी. कृषी सहायकाने पेरणीपूर्वी जशी गावात सभा घ्यावी, तशी खळ्याच्या दिवसांतही घ्यावी, आणि ती बायकांसमोर घ्यावी.

अधिक पिकवा, असे शेतकऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पिकवलेले राखण्याचे साधन त्याच्या हाती दिल्यावाचून तो उपदेश अर्धाच राहतो.