चेतकची पहिली किक

चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी बजाज चेतक बाहेर काढली की घरातलं कुणीतरी आधी ती एका बाजूला कलती करतं, मग चोक ओढून किक मारतं. दहा किक, वीस किक, शर्ट घामाने भिजतो आणि निकाल लागतो, "इंजिन गेलं." बहुतेक वेळा इंजिन शाबूत असतं. शिळं पेट्रोल, तुंबलेला जेट किंवा काळा पडलेला प्लग, एवढंच दुखणं असतं.

पुण्याजवळच्या आकुर्डीची ही स्कूटर १९७२ साली आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, अंग पत्र्याचं, उजव्या कुशीत सुमारे १५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर. नंबर लावून लोकांनी तिची वर्षानुवर्षं वाट पाहिली. तिच्यात पेट्रोलचा पंप नाही, सेन्सर नाहीत. सीटखालच्या टाकीतलं पेट्रोल कॉकमधून नळीत आणि नळीतून कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत आपल्या वजनानेच उतरतं. म्हणूनच तिचा बिघाड घरच्या माणसालाही शोधता येतो.

गाडी उभी राहिली की वाटीतल्या पेट्रोलचा हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो, आणि थंड इंजिनाला नेमका तोच हवा असतो. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण २० मिली ऑइल असतं. ते मागे राहतं. उरलेल्याचा चिकटा कार्बोरेटरमधल्या पायलट जेटच्या बारीक भोकात बसतो. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाशी पाणीही सापडू शकतं.

स्कूटर कलती करण्यात तथ्य होतं. कलल्यावर वाटीतला फ्लोट हलतो, जादा पेट्रोल आत येतं आणि कोरड्या पडलेल्या इंजिनाला तेवढा घोट पुरतो. जेट तुंबलेला असेल तर मात्र कितीही कलवून उपयोग नाही. मग क्रमाने तपासायचं.

आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्या. रॉकेलसारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प आला तर पेट्रोल बदला. मग चोक ओढून पाच-सहा किक मारा आणि प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, नळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, शेवटी जेट. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, आता ठिणगी पाहायची. सांडलेलं पेट्रोल पुसून, प्लगच्या भोकापासून दूर, कॅप लावलेला प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मलूल दिसली तर प्लग साफ करून ०.६ मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेवा किंवा नवा टाका. जुन्या मॉडेलमध्ये ठिणगी पाडणाऱ्या सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटवर दमट हवेने थर चढतो. पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो.

ठिणगी चांगली आणि प्लग ओलाचिंब, म्हणजे ओव्हरफ्लो. कॉक बंद करा, चोक आत ढकला, प्लग बाहेर ठेवून आणि त्याची कॅप दूर धरून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किक मारा. आतलं पेट्रोल उडून जाईल. प्लग सुकवून परत बसवा.

जेट साफ करताना तार घालू नका. भोक किंचित रुंद झालं तरी पेट्रोल-हवेचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत एवढंच वापरा.

यातलं बरंचसं टाळताही येतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी होते, चिकटा धरायला पेट्रोलच उरत नाही. तुमच्या दारात चेतक उभी असेल तर आजच खाली वाकून तिचा कॉक बघा.