चिऱ्याच्या भिंतींची पावसाळ्यापूर्वीची निगा

गोमंतकातील अनेक जुनी घरे जांभ्या चिऱ्याची, चुन्याच्या गिलाव्याची व मंगळुरी कौलांची आहेत. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी शोषून घेतो आणि उघडीप मिळताच बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा या क्रियेस आडकाठी करीत नाही. सिमेंटचा गिलावा व तैलरंग मात्र ही वाट अडवितात. मग ओल भिंतीतच कोंडते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत बसविलेल्या तुळयांची टोके कुजू लागतात. ओल झाकण्यासाठी केलेला खर्चच अशा रीतीने घराच्या मुळावर येतो.

यास्तव मृगापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, घरमालकांनी पुढील कामे उरकून घ्यावीत. प्रथम घर शाकारून फुटकी कौले बदलावीत. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वाहील असा उतार अंगणास द्यावा. सुटलेला गिलावा खरवडून तेथे एक भाग चुना व तीन भाग वाळू यांचा गिलावा करावा. तो वाळल्यावर, विरवलेला चुना फडक्यातून गाळून त्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

कळीचा चुना विरताना पाणी उकळू लागते. म्हणून पाण्यात चुना थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी कदापि ओतू नये. मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत चुना उडाल्यास स्वच्छ पाण्याने दीर्घकाळ डोळे धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

गळती व ओल यांचे मूळ कारण दूर केल्याखेरीज रंगरंगोटी करणे व्यर्थ होय.