डब्लिनचा छापखाना, बोस्टनचा बाजार

अमेरिकेतल्या गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र मे 1845 मध्ये बोस्टनला प्रसिद्ध झालं आणि लेखकाच्याच जिवावर उठलं. मालकाचं नावगाव त्यात उघड छापलेलं, आणि पळालेल्या गुलामाला पकडून नेण्याची कायद्याने मुभा. ऑगस्टमध्ये डग्लस यांनी ‘कॅम्ब्रिया’ ही आगबोट धरली. लिव्हरपूलहून ते डब्लिनला रिचर्ड डेव्हिस वेब यांच्याकडे पोचले.

गुलामीविरोधी चळवळीतले वेब पेशाने मुद्रक. त्यांनी पुस्तकाची दोन हजार प्रतींची आयरिश आवृत्ती काढली. डग्लस गावोगाव भाषणं देत, सभा संपली की प्रती विकत. पोटापाण्याची सोय त्यातून होई. 1846 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. दरम्यान डेलावेअरच्या ए. सी. सी. थॉम्पसन यांनी पुस्तक खोटं असल्याचं जाहीर पत्र लिहिलं होतं. पण लेखक गुलाम असताना आपण त्याला ओळखत होतो, हेही ते त्यात लिहून बसले! डग्लसनी ते पत्र उत्तरासह पुस्तकातच छापलं. विरोधकाची साक्ष फुकटात मिळाली.

उलट दिशेने, अमेरिकेकडे, वस्तूंची खोकी जात. बोस्टनला मारिया वेस्टन चॅपमन आणि त्यांच्या सहकारी नाताळच्या सुमारास गुलामीविरोधी बाजार भरवत. कॉर्क, ब्रिस्टल, ग्लासगोच्या बायका त्यासाठी विणकाम-भरतकाम पाठवत. ‘लिबर्टी बेल’ हा वार्षिक अंकही तिथे विकला जाई. जमलेला पैसा चळवळीला मिळे.

या मंडळींच्या आपसातल्या पत्रांत मात्र गोडीगुलाबीच होती असं नाही. लंडनची आपली प्रतिस्पर्धी गुलामीविरोधी संस्था डग्लसना पैशाने फितवील, लक्ष ठेवा, असं चॅपमननी वेबना कळवलं. वेबनी ते पत्र खुद्द डग्लसनाच वाचून दाखवलं. मार्च 1846 मध्ये डग्लसनी किलमार्नॉकहून चॅपमनना सडेतोड पत्र लिहिलं: असा अविश्वास आपण खपवून घेणार नाही.

त्याच वर्षी न्यूकॅसलच्या एलन आणि अ‍ॅना रिचर्डसन यांनी वर्गणी जमवली. डिसेंबरात मालकाला 711 डॉलर 66 सेंट मोजून डग्लस कायद्याने मुक्त झाले. माणसाची किंमत मोजणं म्हणजे गुलामीला मान्यता देणं, असा आक्षेप चळवळीतल्याच काहींनी घेतला.

1847 मध्ये मायदेशी परतलेल्या डग्लसनी ब्रिटिश मित्रांनी दिलेल्या पैशातून रॉचेस्टरला ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचं पत्र काढलं. बोस्टनच्या मंडळींना ते रुचलं नाही, पण आता छापायचं काय हे डग्लसच ठरवणार होते.

वेब, चॅपमन आणि डग्लस यांची कितीतरी पत्रं बोस्टन पब्लिक लायब्ररीने जपली आहेत, इंटरनेटवरही ठेवली आहेत. चळवळ समजून घ्यायची तर भाषणांआधी ही भांडणं वाचावीत.