बिबट्याची भीती, मण्यारीचा विसर

पाऊस सरला की भिवंडीहून वज्रेश्वरी, गणेशपुरी, शहापूरच्या वाटेवर मुक्कामाला निघालेल्यांची गर्दी वाढते. एसी नको, टीव्ही नको. कुडाच्या भिंतींची, कौलारू, साधी खोली हवी. ती ठरवताना हमखास एक प्रश्न येतो : “तिथं बिबट्या येत नाही ना?”

येऊ शकतो. बिबट्या अभयारण्याच्या हद्दीतच राहतो, हा समज 2009 सालीच मोडायला हवा होता. त्या वर्षी जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. महामार्ग, रेल्वेचे रूळ, खाडी, काहीही त्याच्या आड आलं नाही. पुढे 2014 मध्ये त्याच्यावर सिनेमाही निघाला. अशा जनावराला तुमच्या खोलीत रस नसतो. रात्री अंगणात फेकलेल्या कोंबडीच्या हाडांवर कुत्री जमतात आणि बिबट्या येतो तो त्या कुत्र्यांसाठी. उष्टं-खरकटं झाकून ठेवलं, अंधारात मुलांना एकटं सोडलं नाही, की निम्मी काळजी मिटते.

खरी काळजी जमिनीवरची आहे. साप माणूस दिसला की अंगावर येतो, असं मानणारे लोक रात्री मात्र खुशाल जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचे दंश बहुधा झोपेतच होतात. दुखत नाही, सूज जवळजवळ नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास लागतो. “सूज नाही म्हणजे बिनविषारी” हा समज इथं जीव घेतो. खोलीभोवती फिनाईल शिंपडणं किंवा मीठ टाकणं याचाही भरवसा नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा साधा उपाय त्याहून कितीतरी खात्रीचा. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी, पायात बूट हवेत. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिक नको, चिरणं-चोखणं नको, आवळून बांधणं नको. 108 ला फोन करा आणि उपजिल्हा रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही.

थंडीत आणखी एक घात होतो. कुडाच्या भिंतीला फटी असतात, हवा खेळते, म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली तर काय बिघडलं? बिघडतं. सारवलेल्या भिंती वाटतात तितक्या विरळ नसतात, त्यात थंडीमुळे दार-खिडकीही लावलेली असते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. शेगडी बाहेर विझवा आणि आत गोधड्या वाढवा.

“जंगल सरकारचं, म्हणजे आपलंच, कुठंही तंबू ठोका,” असंही ऐकू येतं. तुंगारेश्वर अभयारण्य वसई आणि भिवंडी या दोन तालुक्यांत पसरलं आहे. अभयारण्यात शिरायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते आणि तिथं आग लावणं हा गुन्हा आहे. राखीव वनातल्या शेकोटीला 1927 चा वन कायदा आड येतो. उलट वनखात्याची विश्रामगृहं फक्त साहेबलोकांसाठी असतात, हेही खरं नाही. मेळघाटात कोलकास, सेमाडोहला सामान्य पर्यटक पैसे भरून राहतात. मात्र बऱ्याच विश्रामगृहांत सरकारी कामावर आलेल्यांना प्राधान्य असतं, म्हणून आरक्षण झालं तरी निघण्यापूर्वी एक फोन करावा.

पावसाळ्यात जाणार असाल तर नदीकाठची खोली टाळा. वज्रेश्वरीला ऊन पडलं म्हणजे तानसा उतरली, असं नसतं. वर शहापूरकडे पाऊस कोसळत असेल तर इथं कोरड्या आभाळाखालीही पाणी चढतं.