गल्लीत गटाराचे पाईप पडण्याआधी विचारा : शेवटचं पाणी कुठं सोडणार?

दिवाळी झाली की मे महिन्यापर्यंत गावोगाव गल्ल्या उकरल्या जातात. जुनी उघडी गटारं मोडायची, सिमेंटचे पाईप गाडायचे, वरून काँक्रीटचा रस्ता करायचा. काम उरकतं, नारळ फुटतो, फोटो ग्रुपवर येतात. आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या आळीतल्या घरात गुडघाभर पाणी शिरतं. मग ग्रामपंचायत ठेकेदाराकडं बोट दाखवते, ठेकेदार अंदाजपत्रकाकडं. ज्याच्या घरातलं धान्य भिजलं तो मात्र बादलीनं पाणी उपसत बसतो.

असं का होतं? पूर्वी गल्ली मातीची, अंगण शेणानं सारवलेलं, मागं परडं. पावसाचं बरंच पाणी जागेवरच जिरायचं. आता वर पत्रे नाहीतर स्लॅब, अंगणात फरशी आणि पेव्हर ब्लॉक, गल्लीत काँक्रीट. पाऊस पडला की पाणी लगेच वाहायला लागतं. त्यात दर पाच-सात वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता उंच होतो आणि जुनी घरं खड्ड्यात जातात.

यातला हिशोब शेतकऱ्याला अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गल्ली २०० मीटर लांब आहे आणि दोन्ही बाजूंची घरं-अंगणं धरून रुंदी ४० मीटर आहे, असं समजा. म्हणजे ८००० चौरस मीटर, जवळपास दोन एकर. तासाभरात ५० मिलिमीटरचा पाऊस झाला तर तिथं चार लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं तीस टक्के जिरलं धरा, तरी २ लाख ८० हजार लिटर गटारात येणार. दहा हजार लिटरचे २८ टँकर, एका तासात! सेकंदाला साधारण ७८ लिटर.

आता पाईप बघा. दोनशे मीटरला एक मीटर ढाळ दिला तर नऊ इंची पाईपातून सेकंदाला ३३ लिटरच्या आसपास पाणी जातं. ३०० मिलिमीटरच्या म्हणजे बारा इंची पाईपातून ६८ लिटर. ४५० मिलिमीटरच्या पाईपातून दोनशे लिटर. नऊ इंचीपेक्षा अठरा इंची पाईप दिसायला दुप्पट, पण पाणी नेतो सहापट. ‘पाईप टाकला ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. वरच्या दोन-तीन गल्ल्यांचं पाणी त्याच पाईपात येणार असेल तर तेही यात धरावं लागतं, आणि नेमकं तेच कित्येक ठिकाणी राहून जातं.

सगळ्यात मोठा प्रश्न शेवटच्या टोकाचा. गल्लीतलं काम लोकांना दिसतं, टोक गावाबाहेर असतं. पाईप ओढ्याला किंवा नाल्याला मिळायला हवा, आणि ओढ्याला पूर आला तरी पाणी उलटं फिरणार नाही इतक्या उंचीवर मिळायला हवा. पुष्कळदा तो निधी संपला तिथं संपतो. कुणाच्या बांधावर, कुणाच्या गोठ्यामागं, नाहीतर सखल वस्तीत. वरचं पाणी आपसूक खाली येत असेल तर खालच्यानं ते अडवू नये, असं १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही आहे. पण अख्ख्या गावाचं पाणी पाईपात गोळा करून एकाच्या वावरात सोडणं ही निराळी गोष्ट. म्हणून टोकाच्या जागेवर आधी बोलणं व्हावं, लेखी व्हावं, मगच वरची गल्ली उकरावी.

खोदकाम नेहमी खालच्या टोकाकडून सुरू करून वर यावं. वरून सुरुवात केली तर खाली ढाळ पुरत नाही आणि मध्येच पाईप सपाट पडतो. तिथं गाळ बसतो. २०० ला १ ढाळ म्हणजे दर मीटरला अर्धा सेंटिमीटर, शंभर मीटरला अर्धा मीटर. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घेऊन कुणीही तो तपासू शकतो. पाईपाचं फुगीर तोंड चढाकडं हवं. खाली मऊ माती असेल तर ती काढून मुरूम किंवा वाळू अंथरून दाबावी. भर टाकताना वीतभर थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. एकदम माती लोटली की पुढच्या पावसाळ्यात रस्ता बसतो. ऊसाचे ट्रॅक्टर जाणाऱ्या रस्त्याखाली हलका एनपी-२ पाईप टिकत नाही, एनपी-३ तरी हवा. पाईपावर हा दर्जा छापलेला असतो, गाडण्याआधीच वाचून घ्यावा.

चेंबर तीस-तीस मीटरवर असावेत आणि त्यांचा तळ पाईपाच्या खाली थोडा खोल ठेवावा, म्हणजे गाळ तिथं साचतो आणि काढता येतो. झाकण काँक्रीटखाली गाडून टाकलेले चेंबर काय कामाचे?

मोरीचं आणि धुण्याचं पाणी जमेल तिथं शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जावं. संडासाचा पाईप तर रात्रीतून गुपचूप या लाईनीला जोडू नयेच. पावसाची लाईन ओढ्याला जाते आणि त्याच ओढ्याकाठी गावाची विहीर असते.

पिण्याच्या पाण्याची लाईनही याच गल्लीतून जाते. जलजीवनचे नळ आलेत, पण पाणी दिवसातून थोडाच वेळ सुटतं. बाकी वेळ पाईप रिकामा. तो गटाराच्या चरात पडलेला असेल आणि जोड ढिला असेल तर बाहेरचं घाण पाणी आत शोषलं जातं. पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ येते तेव्हा हे आधी तपासावं लागतं. नळाची लाईन वेगळ्या चरात, गटारापेक्षा वर आणि लांब हवी. क्रमही तोच : आधी नळ, मग गटार, शेवटी काँक्रीट. उलटं केलं की नवा रस्ता पुन्हा फुटणार.

विचारायचं कुठं, तर ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ आहेत. अंदाजपत्रकात पाईपाचा व्यास, ढाळ, चेंबरची संख्या आणि टोकाची जागा लिहिलेली आहे का ते बघावं. कोणत्या निधीतून काम होतंय ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलमध्येही दिसतं. दाद मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जदाराला कागदाची नक्कल तर मिळतेच, पण प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. चर बुजल्यावर अर्ज करून फार काही हाती लागत नाही, म्हणून काम सुरू झालं त्याच आठवड्यात करावा.

आणि काँक्रीट पडायच्या आधी एक टँकर मागवावा. वरच्या चेंबरमध्ये पाणी सोडावं, चार-पाच जणांनी खालच्या प्रत्येक चेंबरवर उभं राहावं. पाणी कुठं तुंबतं, कुठल्या जोडातून गळतं आणि टोकाला किती पोचतं, ते तासाभरात कळतं. तोवर शेवटच्या बिलावर सही होऊ देऊ नये.