हिरवा चहा : लोंगजिंग

अकोट्याच्या भाजीबाजारात ‘लीली चा’ मागितली, तर हाती गवती चहाची जुडी पडते. आम्ही येथे सांगत आहोत तो हिरवा चहा निराळा. चीनमधील हांगचौ शहराजवळ, पश्चिम सरोवरालगतच्या टेकड्यांवर तो पिकतो. त्याचे नाव लोंगजिंग.

आपला नेहमीचा चहा व हा, दोन्ही एकाच जातीच्या झुडपाची पाने. चुरगळून हवेत ठेवलेले पान काळवंडते. लोंगजिंगची पाने मात्र तापलेल्या कढईत हाताने दाबीत परततात. त्यामुळे काळवंडण्याची क्रिया थांबते, रंग हिरवा राहतो आणि पान चपटे होते. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणापूर्वी खुडलेला कोवळा पाला सर्वांत मोलाचा.

आमच्या घरी हा चहा प्रथम आला, तेव्हा आम्ही तो रिवाजाप्रमाणे दूधसाखर घालून खळखळा उकळला. कडूजहर झाला, सारा मोरीत ओतावा लागला! दोष पानांचा नव्हता. उकळत्या पाण्यात त्यांतील कडू व तुरट द्रव्ये भराभर उतरतात. म्हणून आधण उतरवून सुमारे ८० अंशांपर्यंत निवू द्यावे, काचेच्या पेल्यात चिमूटभर पाने घालून त्यांवर ते ओतावे आणि दोनतीन मिनिटे थांबावे. तरंगणारी पाने एकेक करून तळाशी उतरताना पाहण्यातही मौज आहे. दूध नको, साखर नको, गाळणेही नको. तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी ओतावे. तीन वेळा तरी स्वाद उतरतो.

आजींनी एक घोट घेतला, “हा तर काढाच,” म्हणाल्या आणि आल्याचा चहा मागितला. दुसऱ्या दिवशी मात्र पेला त्यांनीच पुढे केला.