स्पानाकोपिता : पानाआड दडलेली काटकसर

कोणत्याही देशाची खरी ओळख राजवाड्यातील मेजवान्यांपेक्षा सामान्य घरातील चुलीपाशी अधिक पटते. घरात जे आहे त्यात सर्वांची पोटे भरावीत, काही वाया जाऊ नये आणि तरीही जेवणाऱ्याने तृप्तीची ढेकर द्यावी, ही गृहिणीची विद्या जगभर सारखीच आहे. ग्रीस देशातील 'स्पानाकोपिता' हा पालक आणि चीज यांचा भाजलेला पदार्थ या विद्येचा उत्तम नमुना होय. आज मोठ्या हॉटेलांच्या खाद्यसूचीत तो दिमाखाने मिरवतो. त्याची जडणघडण मात्र साध्या, कष्टकरी घरांत झालेली आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ग्रीक भाषेत 'स्पानाकी' म्हणजे पालक आणि 'पिता' म्हणजे पिठाच्या पारीत सारण घालून भाजलेला पदार्थ. हा शब्द ऐकून मराठी माणसाच्या मनात वेगळाच आदर जागा होईल. परंतु येथे वडिलांचा काहीही संबंध नाही! यात पडणारे खारट, पांढरेशुभ्र चीज म्हणजे 'फेता'. आपल्याकडील दुकानांत ते 'फेटा' म्हणून विकले जाते, पण डोक्याच्या फेट्याशी त्याचेही नाते नाही. 'काप' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ते नाव पडले. तिसरा महत्त्वाचा शब्द 'फीलो', म्हणजे पान. कागदासारख्या पातळ लाटलेल्या मैद्याच्या पारीला हे नाव आहे. खाली काही पाने, वर काही पाने आणि मधोमध पालक, पातीचा कांदा, फेता व शेपू यांचे सारण, अशी या पदार्थाची रचना असते. शेपूचे नाव काढताच आपल्याकडे घरात दोन तट पडतात; ग्रीसमध्ये मात्र शेपूवाचून स्पानाकोपिता अपुरा मानणारी घरे पुष्कळ आहेत.

डोंगरातील चूल

ग्रीसच्या वायव्येस एपिरस हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील झागोरी या गावसमूहाचा २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नाना प्रकारच्या 'पितां'साठी हा प्रदेश साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे. येथे सपाट, सुपीक जमीन थोडी आणि मेंढ्या-बकऱ्या उदंड. ऋतुमानानुसार कळप घेऊन डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मेंढपाळांना भाकरी आणि भाजी एकत्र बांधून नेता येईल असे अन्न हवे असे. चीज घरचे, पालेभाजी परसातली किंवा रानातली आणि पीठ जेमतेम. थोड्या पिठाची पारी जितकी पातळ लाटावी तितकी ती अधिक भाजीला पुरते, हे साधे गणित त्या गृहिणींनी अचूक ओळखले होते.

घरोघरी भट्टी नसे. तेव्हा तसराळे चुलीवर ठेवून त्यावर 'गास्त्रा' नावाचे लोखंडी घुमटाकार झाकण घालीत आणि झाकणावर निखारे पसरीत. कोकणात धोंडस भाजताना खाली विस्तव आणि वर निखारे ठेवण्याची जी रीत होती, तीच ही रीत. गव्हाचे पीठ परवडत नसे तेव्हा पारी लाटण्याचा बेतच रद्द होई. मक्याचे पीठ भाजीच्या खाली-वर पसरून 'ब्लात्सारिया' नावाचा पिता भाजला जाई. साहित्य बदलले, पण चूल थंड राहिली नाही.

पालेभाजीचे मोल ग्रीक जनतेला फार कठोर प्रसंगी कळले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, जर्मनी, इटली व बल्गेरिया यांच्या सैन्यांनी ग्रीस व्यापला. धान्याची लूट आणि समुद्रावरील नाकेबंदी यांमुळे १९४१-४२ च्या हिवाळ्यात भीषण दुष्काळ पडला. एकट्या अथेन्स परिसरात हजारो माणसे उपासमारीने मृत्युमुखी पडली. त्या दिवसांत शहरातील माणसे टेकड्यांवर जाऊन रानभाज्या खुडून आणीत आणि नुसत्या उकडून खात. रानभाजी ओळखणारी आजी त्या घरची खरी ठेव ठरली. कोणती पाने खावीत, कोणती टाळावीत, हे ज्ञान बाजारात विकत मिळत नाही. ते घरात जपावे लागते.

फेताच्या नावाची लढाई

स्पानाकोपितामधील चवीचा कणा म्हणजे फेता. हे चीज मेंढीच्या दुधापासून करतात. त्यात जास्तीत जास्त ३० टक्के बकरीचे दूध चालते. ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतच ते तयार व्हावे आणि किमान दोन महिने मुरावे, असा दंडक आहे. एवढ्या काटेकोर नियमांमागे एक दीर्घ कायदेशीर लढा आहे.

डेन्मार्क, जर्मनी व फ्रान्स या देशांतही 'फेता' या नावाने चीज तयार होत असे; डेन्मार्कमध्ये तर ते गाईच्या दुधाचे असे. युरोपीय संघाने १९९६ साली हे नाव ग्रीसपुरते राखून ठेवले. परंतु वरील तिन्ही देशांनी दाद मागितल्यावर १९९९ साली न्यायालयाने ती नोंदणी रद्द केली. ग्रीसच्या वतीने पुन्हा पुरावे मांडले गेले. २००२ साली नाव पुन्हा नोंदले गेले आणि २००५ साली युरोपीय न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही युरोपबाहेर निर्यात होणाऱ्या डॅनिश चीजवर ते नाव झळकत राहिले. अखेर २०२२ साली न्यायालयाने त्याबाबतही डेन्मार्कला दोषी ठरविले.

एका चीजच्या नावासाठी एवढा अट्टहास का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मेंढी गाईच्या मानाने फार थोडे दूध देते. गाईच्या स्वस्त दुधाचे चीज त्याच नावाने विकले गेले, तर डोंगरातील मेंढपाळाला आपल्या मालाचा भाव मिळणार कसा? नाव गेले की भाव जातो आणि भाव गेला की कळपही जातो. आपल्याकडे १९९९ च्या कायद्यान्वये उत्पादनांना भौगोलिक मानांकन दिले जाते आणि कोल्हापूरच्या गुळालाही ते मिळाले आहे. त्यामागील भूमिका हीच आहे.

घरी करावयाचे झाल्यास

हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात सहज होण्याजोगा आहे. एक ओव्हन, एक लांब बारीक लाटणे आणि सुटीची दुपार एवढे हाताशी असले म्हणजे पुरे.

*पारीचे साहित्य :* मैदा ४०० ग्रॅम, कोमट पाणी सुमारे २०० मिलिलिटर, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, मीठ १ लहान चमचा. लाटताना लावण्यासाठी कॉर्नफ्लॉवर.

*सारणाचे साहित्य :* पालक १ किलो, पातीचे कांदे १ जुडी, शेपू अर्धी जुडी, फेता २५० ग्रॅम, अंडी २, रवा २ मोठे चमचे, पालकाला चोळण्यासाठी मीठ १ मोठा चमचा, मिरपूड, किंचित जायफळ. कांदा परतण्यासाठी व पानांना लावण्यासाठी ऑलिव्ह तेल अर्धी वाटी.

हे प्रमाण सुमारे ३० × २२ सेंटिमीटरच्या ट्रेसाठी असून त्यातून १२ तुकडे होतात.

मैद्यात मीठ, तेल व व्हिनेगर घालून लागेल तसे पाणी घ्यावे आणि गोळा दहा मिनिटे चांगला मळावा. तो झाकून तासभर तरी स्वस्थ ठेवावा. ही विश्रांती टाळू नये. घाईने लाटलेली पारी रबरासारखी आकसते.

या अवधीत पालक हाताळावा. पालकात वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो पालक विकत घेताना आपण जवळजवळ ९०० ग्रॅम पाणीच घरी आणतो. हे पाणी आधी वसूल केले नाही, तर ते ओव्हनमध्ये पाझरते आणि खालची पाने लगदा होतात. स्पानाकोपिता बिघडण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय. म्हणून पालक दोन-तीन पाण्यांतून उपसून धुवावा, निथळून चिरावा आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवावा. नंतर मूठमूठ घेऊन घट्ट पिळावा. पिळून निघालेले हिरवे, खारट पाणी त्याच दिवशीच्या पोळ्यांची कणीक मळण्यास वापरता येते. मात्र त्या कणकेत वेगळे मीठ घालू नये.

थोड्या तेलावर पातीचा कांदा मऊ होईपर्यंत परतून गार करावा. त्यात पिळलेला पालक, चिरलेला शेपू, हाताने कुस्करलेला फेता, फेटलेली अंडी, मिरपूड व जायफळ मिसळावे. फेता मुळातच खारट असल्याने सारणात आणखी मीठ नको.

पिठाचे आठ भाग करून कॉर्नफ्लॉवर लावीत शक्य तितक्या पातळ पाऱ्या लाटाव्यात. तेल लावलेल्या ट्रेमध्ये कडांबाहेर येतील अशा चार पाऱ्या एकावर एक घालाव्यात आणि प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवावा. चिरोट्यात साटा जे काम करतो, तेच येथे तेल करते. ते पानांना एकमेकांस चिकटू देत नाही आणि भाजताना पारीतील पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. चौथ्या पारीवर रवा भुरभुरावा, म्हणजे उरलासुरला ओलावा तो शोषून घेतो. त्यावर सारण पसरून, तेल लावीत उरलेल्या चार पाऱ्या घालाव्यात आणि कडा आत दुमडाव्यात.

भाजण्यापूर्वीच सुरीने वरच्या पाऱ्यांवर तुकड्यांच्या रेघा पाडाव्यात. भाजल्यावर कापू गेल्यास पाने चुरा होतात. वरून पाण्याचा हलका शिपका द्यावा आणि १८० अंश सेल्सिअसवर सुमारे ५० मिनिटे, सोनेरी रंग येईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यावर झाकू मात्र नये, कारण कोंडलेली वाफ कुरकुरीतपणा घालविते. वीस मिनिटांनी कापून गरम किंवा गार, कसेही वाढावे.

आपल्या सोयीचे पर्याय

मोठ्या शहरांतील काही दुकानांत गोठविलेले तयार फीलो मिळते. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सैल होऊ द्यावे आणि काम करताना ओलसर फडक्याखाली झाकावे. उघडे राहिल्यास ते पाहता पाहता वाळते. ही पाने फारच पातळ असल्याने खाली व वर मिळून दहा-बारा घ्यावीत. त्यांच्या लांब पट्ट्या कापून, सारण घालून पट्टी समोशासारख्या त्रिकोणी घड्याही करता येतात.

फेता परदेशी असल्याने महाग पडते. त्याऐवजी गाईच्या दुधाचे घट्ट दाबलेले पनीर घ्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ८० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पनीरचे तुकडे फ्रिजमध्ये रात्रभर बुडवून ठेवावेत आणि सारणात मिसळताना दोन चमचे आंबट चक्का घालावा. हा फेता नव्हे, पण त्याच वाटेवरची चव आहे. विकतचे फेता घेताना शाकाहारी मंडळींनी वेष्टनावरील हिरवी खूण अवश्य पाहावी, कारण परंपरेने ते प्राण्यांच्या जठरातील विरजणाने बनविले जाते.

अंडी न खाणाऱ्यांनीही संकोच करण्याचे कारण नाही. ईस्टरपूर्वीच्या प्रदीर्घ उपवासकाळात सनातन परंपरेचे ग्रीक ख्रिस्ती लोक मांस, दूध व अंडी वर्ज्य करतात. तेव्हा केवळ पालक, कांदा, शेपू व ऑलिव्ह तेल यांचा पिता होतो आणि तोही तितक्याच आवडीने खाल्ला जातो. अंड्यांऐवजी दोन चमचे रवा अधिक घातला की सारण मिळून येते.

नाणे कोणाच्या वाट्याला?

पित्याशी निगडित एक प्रथा बँकेशी नाते असणाऱ्या वाचकांना विशेष भावेल. १ जानेवारी हा ग्रीसमध्ये संत बेसिलचा दिवस. त्या दिवशी 'वासिलोपिता' करून त्यात एक नाणे लपवितात. पुष्कळ ठिकाणी तो गोड केक असतो. उत्तर ग्रीसमधील अनेक घरांत मात्र तो फीलोचा, चीज वा मांस घातलेला तिखटमिठाचा पिता असतो. घरातील वडीलधारी व्यक्ती तुकडे पाडते. पहिला तुकडा ख्रिस्ताच्या नावे, मग घराच्या नावे, अनेक ठिकाणी एक दारी येणाऱ्या गरिबाच्या नावे, आणि त्यानंतर वयाच्या क्रमाने कुटुंबीयांचे. ज्याच्या तुकड्यात नाणे, त्याचे वर्ष भाग्याचे.

नाणे एकालाच मिळते, पण तुकडा प्रत्येकाला मिळतो आणि दारी येणाऱ्याचा वाटा घरच्या मंडळींच्या आधी निघतो. वाटणीचा हा क्रम ठरविणाऱ्यांच्या घरी सुबत्ता नव्हती. पीठ थोडे होते म्हणून त्यांनी पारी पातळ लाटली, चीज थोडे होते म्हणून भाजी वाढविली आणि सर्वांना पुरेल असे तसराळे भरले. पालकाची जुडी आपल्या बाजारातही सहज मिळते. एखाद्या रविवारी घरच्या सर्वांनी मिळून हा पिता करून पाहावा. लाटण्यास एक, पिळण्यास एक, तेल लावण्यास एक, असे हात लागले तर दुपार कशी सरली हे कळणारही नाही.